काटा चालू, पावती बंद: एका जिनिंगमधून एसएमबी १ बाहेर काढताना

मानवत परिसरातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये यंदा हंगामाच्या तोंडावर ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर बदलला. जुन्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपणार हे मालकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वेळेत विंडोज ११ प्रो असलेलं नवं मशीन घेतलं. निर्णय अगदी योग्य होता. तरीही कापूस खरेदीच्या पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागली, कारण काट्यावर झालेलं वजन ऑफिसात पोचेना. मूळ निघालं एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फाइल शेअर करण्याची विंडोजची जुनी बोली, म्हणजेच प्रोटोकॉल.

परभणी जिल्ह्यातल्या अशा कारखान्यांची नेटवर्क सांभाळणं हे माझं काम आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण हीच मांडणी मराठवाड्यात जागोजागी आहे. सेलू-मानवतच्या जिनिंगा, लातूरच्या डाळमिल, वसमतचा हळदीचा बाजार, कुठेही जा. काट्याच्या खोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर असतो आणि ऑफिसात एक नवा. आता विंडोज १० ची मशीनं एकेक करून बदलली जातील तसा हा प्रश्न दारोदार येणार.

मांडणी काय होती

फाटकाजवळ मोठा वजनकाटा. त्याच्या खोलीतला वजन दाखवणारा इंडिकेटर सिरियल केबलनं एका विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरला जोडलेला. काट्याचं सॉफ्टवेअर गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, भरलेलं वजन आणि रिकामं वजन घेऊन एका डीबीएफ (जुन्या पद्धतीच्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये लिहितं. ही फाइल काट्यावर नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या शेअर फोल्डरमध्ये असते आणि एक्सपीवर ती झेड ड्राइव्ह म्हणून दिसते. ऑफिसात मुनीमजी त्याच फाइलमधून वजन बिलिंगमध्ये ओढतात, भाव लावतात, हमाली वजा करतात आणि शेतकऱ्याची पट्टी निघते.

नव्या मशीनला जुन्याचंच नाव दिलं होतं, फोल्डरही त्याच नावानं शेअर केला होता. बसवणाऱ्यानं आपलं काम नीट केलेलं होतं. पण सकाळी काट्यावरच्या पोराचा फोन आला, "सर, काटा चालू हाय, वजन दिसायलंय, पण झेड ड्राइव्हच उघडंना गेलाय." झेड ड्राइव्ह नसला की सॉफ्टवेअर वजन सेव्हच करत नाही. मग हातानं पावत्या फाडणं सुरू झालं. हातच्या पावतीवर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा? सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जेवढा कापूस हाती लागला तो घेऊन माणूस आलेला. त्याला प्रत्येक किलोचा छापील हिशोब हवा असतो.

निदान

एक्सपीवरून ऑफिसच्या मशीनला पिंग जात होतं. म्हणजे केबल, स्विच, आयपी पत्ता सगळं ठीक. फोल्डर उघडायला गेलं की मात्र एक्सपी सांगायचा की दिलेलं नेटवर्क नाव आता उपलब्ध नाही. हा संदेश सरळसरळ दिशाभूल करतो. तो वाचून कुणीही नावाच्या, वर्कग्रुपच्या, पासवर्डच्या मागे लागतो. तिथल्या मंडळींनी सकाळपासून तेच केलं होतं, वर फायरवॉलही बंद करून पाहिली होती.

ऑफिसच्या मशीनवर वायरशार्क लावून काट्याच्या कॉम्प्युटरचं बोलणं पकडलं तेव्हा पहिल्याच पॅकेटमध्ये उत्तर मिळालं. फाइल शेअरिंगची जोडणी सुरू होताना मागणारा कॉम्प्युटर आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठवतो, समोरचा त्यातली एक निवडतो. एक्सपीची यादी अशी होती: पीसी नेटवर्क प्रोग्राम १.०, लॅनमॅन १.०, विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.१ए, एलएम १.२एक्स००२, लॅनमॅन २.१ आणि शेवटी एनटी एलएम ०.१२. सगळ्याच्या सगळ्या एसएमबी १ घराण्यातल्या. एसएमबी २ चं नावही नाही. नव्या मशीननं यादी पाहिली आणि काही न बोलता कनेक्शन तोडलं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विंडोज ११ स्वतः एखाद्या जुन्या शेअरकडे गेलं, तर ते पडद्यावर स्पष्ट सांगतं की या शेअरला कालबाह्य एसएमबी १ लागतं आणि ते असुरक्षित आहे. पण इथे दिशा उलटी होती. मागणारा जुना, देणारा नवा. अशा वेळी नव्या मशीनच्या पडद्यावर काहीच उमटत नाही आणि जुन्याला खरं कारण कळण्याची सोय नसते. ज्याला सगळं माहीत आहे तो गप्प, आणि ज्याला काही माहीत नाही तो चुकीचं सांगतो. म्हणून अशी बिघाडं दुरुस्त करायला नको तेवढा वेळ जातो.

हा प्रोटोकॉल निवृत्त का झाला

एसएमबीची सुरुवात आयबीएममध्ये १९८३ च्या सुमारास झाली. बॅरी फायगेनबॉम यांनी ते घडवलं. पुढे मायक्रोसॉफ्टनं ते उचललं, वाढवलं, १९९६ च्या सुमारास सीआयएफएस असं नावही दिलं. ते घडलं तेव्हा कचेरीतली चार मशीनं एकमेकांची फाइल बघू शकली तरी पुष्कळ होतं. कुणी मधे बसून बोलणं बदलेल, ही भीती रचनेतच नव्हती. वाढता वाढता त्यातले हुकूम आणि उपहुकूम शंभरावर गेले. विंडोज व्हिस्टासोबत एसएमबी २ आलं तेव्हा ते १९ वर आणले गेले. विंडोज ८ च्या एसएमबी ३ मध्ये एन्क्रिप्शन आलं. विंडोज १० च्या ३.१.१ मध्ये तर बोली ठरवण्याच्या पहिल्या संवादावरच एसएचए-५१२ चा पहारा बसला, म्हणजे मधल्या कुणाला दोघांना खालच्या बोलीवर ओढता येऊ नये. पण मशीन एसएमबी १ स्वीकारत असेल तर हा पहारा कुचकामी ठरतो, कारण हल्ला करणारा सरळ तेच दार वापरतो.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं एसएमबी १ मधलं भोक बुजवणारा एमएस१७-०१० हा पॅच दिला. एप्रिलमध्ये त्याच भोकातून शिरणारं इटर्नलब्लू हे हत्यार उघड्यावर आलं आणि १२ मेला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस सुटला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत त्यानं हाहाकार केला. तेव्हा एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षं झाली होती, तरी त्याच्यासाठी खास पॅच काढावा लागला. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या या व्हायरसनं हेच भोक वापरलं आणि न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, ट्रक रस्त्यावर खोळंबले. गाड्यांच्या रांगेचा अर्थ जिनिंगवाल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर निवृत्तीला वेग आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ चा सर्व्हर भाग नव्या मशीनवर मुळात येईनासा झाला. लिनक्सच्या जगात विंडोजशी फाइल शेअर करणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरनं २०१९ च्या ४.११ आवृत्तीत एसएमबी १ डिफॉल्टला बंद केलं. या सगळ्याच्या बाजूनं मी ठाम उभा आहे. हे आणखी आधी व्हायला हवं होतं.

मग आमच्याकडे ते इतकी वर्षं जिवंत कसं राहिलं

१७०९ मध्ये एक बारीक तरतूद होती. जुन्यावरून अपग्रेड झालेल्या होम आणि प्रो मशीनवर एसएमबी १ एकूण १५ दिवस वापरलं गेलं नाही, तर ते आपोआप निघून जाई. कॉम्प्युटर बंद असलेले दिवस त्यात धरले जात नाहीत. शहरातल्या कचेरीला हा नियम चोख बसतो, जिनिंगला बसत नाही. इथे काटा साधारण दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. पुढे काट्याच्या खोलीला कुलूप. ऑफिसचा कॉम्प्युटर मात्र जीएसटीसाठी, उधारी-वसुलीसाठी बाराही महिने चालू. म्हणजे ते १५ दिवस उन्हाळ्यातच भरतात, एसएमबी १ गुपचूप निघून जातं, आणि बातमी कळते ती मुहूर्ताच्या दिवशी.

मग कुणीतरी येतो, विंडोज फीचर्समध्ये टिक मारतो, काटा चालू होतो. आणि इथे दुसरी बारीक गोष्ट आहे: ते आपोआप निघून जाणं एकदाच घडतं. माणसानं हातानं परत बसवलं की विंडोज पुन्हा त्याला हात लावत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर नेमकं हेच झालेलं दिसत होतं. एका हंगामातल्या घाईची टिक मशीन निवृत्त होईपर्यंत तशीच राहिली.

आणखी एक कारण खुद्द सॉफ्टवेअरवाल्यांनी पुरवलं होतं. डीबीएफ फाइल दोन-तीन कॉम्प्युटरवरून एकदम उघडली की एसएमबी २ च्या कॅशिंगमुळे इंडेक्स बिघडायचा. एसएमबी १ मध्ये ओपलॉक (फाइलची प्रत आपल्याकडे धरून ठेवायची सोय) बंद करायची जी जुनी युक्ती होती ती एसएमबी २ ला लागू होत नसे. त्यामुळे "एसएमबी २ बंद करून जुन्यावर चालवा" असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. त्या काळी त्यानं डेटा वाचला हे खरं, पण गिऱ्हाईक त्याच जागी अडकून पडलं.

टिक का मारली नाही

काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केल्यावर त्यांनी तोच उपाय सांगितला: नव्या मशीनवर एसएमबी १ चालू करा. मालकांचाही जीव रांगेत अडकलेला. "सर, पाच मिनिटाचं काम हाय म्हणतात ते. करून टाका की." काम खरोखर पाचच मिनिटांचं होतं, आणि लगेच चाललंही असतं.

मी नको म्हणालो. पॅच घेतलेल्या विंडोज ११ वर इटर्नलब्लू चालत नाही हे मान्य. पण ज्या मशीनवर शेतकऱ्यांचे सातबारे, आधार, बँक पासबुकांचे स्कॅन पडून आहेत, त्यावर एन्क्रिप्शन नसलेलं आणि सगळ्यांनी टाकून दिलेलं दार उघडं ठेवायचं कशासाठी? एका काट्यासाठी? जोखीम काट्यापाशी आहे तर ती तिथेच कोंडावी. शेतकऱ्यांची कागदपत्रं मालकांची मालमत्ता नाहीत, ती त्यांच्याकडे विश्वासानं दिलेली आहेत. हे मांडल्यावर मालकांनी लगेच होकार दिला, एवढं त्यांच्याबद्दल आवर्जून नोंदवतो.

खरेदी मात्र त्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. म्हणून जुना विंडोज १० चा कॉम्प्युटर परत जोडला, त्याचं इंटरनेट तोडलं, काट्याला त्याच्याकडे वळवलं, आणि नव्या मशीननं त्याच्याकडून फाइल घ्यायची असं केलं. विंडोज ११ आणि विंडोज १० आपसात एसएमबी ३.१.१ बोलतात, त्यामुळे तिकडे अडचण नव्हती. संध्याकाळी छापील पावत्या निघू लागल्या.

कोण कोण अजून जुनं बोलतंय

या प्रकरणातलं खरं काम पुढचं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर एसएमबी १ च्या वापराची नोंद ठेवणारी ऑडिटची सोय पॉवरशेलमधून चालू केली. ती चालू असली की एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये जुन्या बोलीत येणाऱ्या प्रत्येकाची ३००० क्रमांकाची नोंद पडते, पत्त्यासकट. कागदावर आमच्याकडे एकच संशयित होता, काटा.

पहिल्याच दिवशी दुसरा सापडला: झेरॉक्स मशीन. सातबारा स्कॅन केला की ते थेट फोल्डरमध्ये टाकायचं. त्याच्यासाठी नवं फर्मवेअर उपलब्ध होतं, ते भरलं, ब्राउझरमधून सेटिंग बदलली, स्कॅनपुरता वेगळा युजर दिला. विषय संपला.

तिसरा बराच उशिरा दिसला, आणि त्यानंच मला सर्वांत जास्त शिकवलं. प्रेस हाउसमध्ये गठाणीचं वजन घेणारा छोटा काटा आहे. त्याच्या कॉम्प्युटरवरही एक्सपी. तो गठाण नंबर आणि वजनाची यादी ऑफिसकडे पाठवतो. पण खरेदी सुरू झाली म्हणजे लगेच गठाणी बांधल्या जात नाहीत. आधी कापूस साचतो, वाळतो, मग रेचे फिरतात, सरकी वेगळी होते, रुईचा ढीग झाला की प्रेस चालू. तोवर तो कॉम्प्युटर बंदच असतो. मुनीमजींच्या यादीत तो नव्हता, माझ्याही नव्हता. एक-दोन दिवसांचं ऑडिट बघून जुनं मशीन काढलं असतं तर पहिली गठाण बाहेर पडायच्या वेळी तोच खोळंबा परत झाला असता. प्रोटोकॉल बंद करताना किती दिवस ऐकत बसायचं, हे कॅलेंडरवरून ठरवता येत नाही. मालाचा पहिला ते शेवटचा टप्पा पार पडेपर्यंत ऐकावं लागतं.

याच काळात ऑफिसातून दोन तक्रारी आल्या, त्यांचा इथे उल्लेख हवा. नेटवर्कच्या खिडकीत आधी सगळे कॉम्प्युटर दिसायचे, आता दिसत नाहीत. ती यादी बनवणारी जुनी कॉम्प्युटर ब्राउझर सेवा एसएमबी १ वरच उभी होती, ती गेली की यादी गेली. फोल्डर जागच्या जागी असतात. शॉर्टकट करून दिले. दुसरी, हिशोबाच्या बॅकअपची पेटी (नेटवर्कवरची डिस्क) उघडेना. ही मात्र एसएमबी १ ची भानगड नव्हती. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून बिनपासवर्डचा पाहुणा प्रवेश नाकारला जातो आणि साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं असतं. पेटीवर युजर आणि पासवर्ड केला, उघडली. लोक अशा वेळीही एसएमबी १ ची टिक मारून बघतात. पेटी तर उघडत नाहीच, टिक मात्र राहून जाते.

कायमची नव्हे, पण टिकाऊ सोय

काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर नेता येत नव्हतं. ते पॅरलल पोर्टच्या डोंगलवर (सॉफ्टवेअर उघडणाऱ्या चावीवर) चालतं आणि त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ऐन हंगामात काट्याची मांडणी उचकटणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

"मग जुना कॉम्प्युटरच मधे राहू द्या ना," हा मालकांचा प्रश्न रास्त होता. पण त्याचा सपोर्ट संपलेला, आणि ऑफिसात उभं असलेलं विंडोजचं मशीन कुणी ना कुणी वापरायला घेतंच. म्हणून दोन लॅन कार्ड असलेला एक सेकंडहँड छोटा डेस्कटॉप घेऊन त्यावर डेबियन लिनक्स टाकलं. फाटकाकडून आणि प्रेस हाउसकडून येणाऱ्या केबली ऑफिसच्या स्विचमधून काढून एका वेगळ्या छोट्या स्विचवर घेतल्या. त्या स्विचला एकच वाट, या डेस्कटॉपचं पहिलं कार्ड. दुसरं कार्ड ऑफिसच्या नेटवर्कवर.

सांबाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल एनटी १, म्हणजे एसएमबी १ च, ठेवला, पण सांबा फक्त पहिल्या कार्डावर बांधला. ऑफिसच्या बाजूनं हा डेस्कटॉप शेअर म्हणून दिसतच नाही. दोन कार्डांमधलं रूटिंग बंद. त्याला जुन्या कॉम्प्युटरचंच नेटबायोस (नेटवर्कवरचं) नाव दिलं, त्यामुळे एक्सपीवर झेड ड्राइव्हचा मार्ग बदलावा लागला नाही. एका जागी मात्र अडलं: एक्सपीचा पासवर्ड स्वीकारला जाईना. सध्याचा सांबा एनटीएलएमची (विंडोजच्या पासवर्ड पडताळण्याच्या पद्धतीची) जुनी आवृत्ती घेत नाही, आणि एक्सपी आपणहून नवी पाठवत नाही. एक्सपीच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत लॅन मॅनेजरची पातळी फक्त एनटीएलएम व्ही२ वर नेली, लगेच जोडणी झाली. सांबा ढिला करण्यापेक्षा हेच बरं.

डेस्कटॉपवरची स्क्रिप्ट दर मिनिटाला डीबीएफकडे बघते. फाइलचा आकार आणि वेळ दोनदा पाहून तीच असेल तरच उचलते, विंडोज ११ वरच्या फोल्डरमध्ये एसएमबी ३ नं तात्पुरत्या नावानं टाकते, आणि पूर्ण पोचल्यावर नाव बदलते. मुनीमजींच्या हाती अर्धवट फाइल कधी पडत नाही. मूळ फाइलवर लिहिणारा एकटा काटाच असल्यामुळे इंडेक्स बिघडण्याचं जुनं दुखणंही गेलं. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग केली. आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

मुनीमजींना वजन दिसायला आता एक-दोन मिनिटं लागतात. पूर्वी ते तत्काळ दिसायचं. पहिले काही दिवस त्यांची कुरकुर होती. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो, हे दिसल्यावर ती थांबली.

पुढचं काय ठरलंय

डेस्कटॉपवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय: "तात्पुरती सोय, ३१ मे २०२६ नंतर काढणे." तीच तारीख मालकांच्या वहीतही आहे. प्रेस बंद झाली की दोन्ही एक्सपी जातील आणि सिरियल पोर्टवरून वाचणारं नवं सॉफ्टवेअर येईल. इंडिकेटर तोच राहील, त्यामुळे वैधमापन विभागाच्या सीलला हात लागणार नाही. जुन्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरची डिस्क पुसून झाली आहे.

मी सांभाळतो त्या इतर जिनिंगांसाठी आता एकच गोष्ट ठरवून टाकली आहे. पोळा झाला की एक दिवस काट्याची खोली, प्रेस हाउस, झेरॉक्स, सगळं चालू करायचं, रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवून खोटी पावती काढायची आणि ती ऑफिसात उमटते का बघायची. नवा कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर त्याच्या आधी, जुन्यावर ऑडिट चालू ठेवून, अख्खा एक हंगाम.